सुभेदारसाहेब सिक रिपोर्टवर

माणसांपेक्षा यंत्रांना जास्त मान देणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमचं लग्न ठरवताना घरच्यांनी मुलीचं शिक्षण विचारलं, स्वयंपाक विचारला, चष्मा आहे का तेही विचारलं; मामांबद्दल विचारायचं कुणालाच सुचलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांच्या पाया पडायला आम्ही सांगलीच्या गावभागातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलो. मी वाकतो न वाकतो तोच त्यांनी मला खांद्याला धरून उभं केलं. "माज्या मागनं. आदी सायबांच्या पाया पडा." मी साहेब शोधू लागलो. कोपऱ्यात कपाटाएवढं एक करड्या रंगाचं लोखंडी धूड उभं होतं. कपाळावर काचेच्या दोन तबकड्या, बरगड्यांना हवेसाठी जाळी, आणि पोटातून निघालेली जाडजूड केबल. माझी नवी बायको मुकाट्यानं त्याच्यापुढे वाकली. तिला लहानपणापासून सवय होती. मग मीही वाकलो. विश्रामबागेतल्या कॉलेजात मुलांना मराठी शिकवणारा एम. ए. झालेला माणूस वेल्डिंग मशीनच्या पाया पडला, ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये आजवर काढलेली नाही.

मामा मूळचे कोरेगाव तालुक्यातले. घरटी एक माणूस पलटणीत आणि उरलेले उसात, अशा गावचे. फौजेत त्यांनी बंदूक कमी आणि पाना जास्त चालवला. गाड्या, जनरेटर, तोफांची चाकं, जे बिघडेल ते दुरुस्त करत करत ते हवालदार झाले आणि पेन्शनीत निघाले. गावची शेती भावाच्या गळ्यात घालून त्यांनी सांगलीत दुकान मांडलं. मामांनी पलटण सोडली खरी, पण पलटणीनं काही मामांना सोडलं नाही. वर्कशॉपच्या दारात पाटी होती आणि पाटीवर रोजचे हुकूम खडूनं लिहिलेले असत. गिऱ्हाइकाला आत यायचं तर वहीत नाव, गाव आणि येण्याचं कारण लिहावं लागे. एकदा एका डेअरीचे चेअरमन गळक्या दुधाच्या कॅनसाठी आले आणि सही न करता आत शिरले. मामांनी त्यांना परत बाहेर पाठवलं, सही घेतली, आणि मग "या या, बसा चेअरमनसायब" म्हणून स्वतःच्या हातानं एनॅमलच्या मगात चहा ओतला. दुपारी एक ते दोन 'विश्राम'. त्या तासात कृष्णेला पूर आला असता तरी मामांनी तो दोन वाजल्यानंतर पाहिला असता.

प्रत्येक यंत्राला मामांनी हुद्दा दिलेला होता. ड्रिलिंग मशीन नाईक. साधं वेल्डिंग करणारा तेलातला जुना ट्रान्सफॉर्मर हवालदार, म्हणजे मामांच्या बरोबरीचा, म्हणून त्याच्याशी थोडी चेष्टामस्करी चालत असे. ग्राइंडरनं एकदा मामांचं बोट खाल्लं होतं, त्यामुळे तो बिचारा वर्षानुवर्षं रंगरूटच राहिला. पंधरा ऑगस्टला बढत्या जाहीर होत, त्यात त्याचं नाव कधी आलं नाही. आणि कोपऱ्यातलं ते करडं विलायती धूड म्हणजे सुभेदारसाहेब. लष्कराच्या भंगाराच्या लिलावातून मामांनी ते आणलं होतं. आर्गन वायूवर चालतं म्हणून लोक त्याला आर्गनचं मशीन म्हणत. हुद्द्यानं ते मामांच्या वर होतं, त्यामुळे मामा त्याच्यासमोर कधी बसत नसत, विडी ओढत नसत आणि सकाळी बटण दाबण्याआधी टाचा जुळवून सलाम ठोकत. ते बिघडलं असंही म्हणायची सोय नव्हती. "सायेब सिक रिपोर्टवर हायेत," असं म्हणायचं.

या साहेबांचा मोठेपणा मामांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितला होता. साध्या वेल्डिंगला कांडी कामावर घासून ठिणगी पाडावी लागते. साहेबांच्या हातात कांडी नसे, टंगस्टनची बारीक सुई असे. "ही सुई कामाला शिवत न्हाई, जावईबापू. वर अदांतरी धरायची. सायबांच्या पोटात एक ल्हान ट्रान्सफारमर हाय, त्यो हजारो व्होल्टाची ठिणगी काडतो. ती ठिणगी हवेतनं उडी मारती, आन् तिच्या मागनं सगळा करंट जातो. ठिणगी म्हंजी म्होरं पळनारा स्काऊट. त्यो गेला की मागनं पलटन." मला स्काऊट कळला, पलटण कळली, मधलं काही कळलं नाही. पण ॲल्युमिनियमचे आणि स्टीलचे बारीक पत्रे असे बेमालूम सांधणारी मशीनं त्या काळी सांगलीत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती, आणि मामांच्या हातचा सांधा तर बोटानं चाचपूनही सापडत नसे, एवढं मात्र मला ठाऊक होतं.

या स्काऊटचं एक दुखणं होतं. तो पळू लागला की गल्लीतल्या सगळ्या रेडिओंत 'चर्रर्र' असा आवाज यायचा. बातम्यांत दिल्लीचे पुढारी बोलायला उभे राहिले की चर्रर्र. नाट्यगीतात बुवांनी तान घेतली की चर्रर्र. गल्लीतल्या बायका मात्र त्यावर वेळ ओळखत. चर्रर्र थांबलं की एक वाजला, भाकरी तव्यावर टाकायची. खरी पंचाईत गल्लीच्या टोकाच्या टॉकीजची होती. तिथल्या स्पीकरमध्येही मामा पोचत. एकदा नायकाची आई मरणाच्या दारात खोकत असताना मामांनी डेअरीचा कॅन जोडायला घेतला. आईनं "बेटा" म्हणून हात पुढे केला आणि तोंडातून चर्रर्र असा आवाज काढला. सगळं थिएटर हसून लोळलं. टॉकीजच्या शेटनी पोलिसात अर्ज दिला की, शेजारील वेल्डिंगमुळे आमच्या पडद्यावर कोणाला नीट मरता येत नाही. मामांनी जबाब दिला की, आमच्या साहेबांच्या ड्युटीत ढवळाढवळ केल्यास गाठ माझ्याशी आहे, आणि वर त्या टॉकीजची पायरी या जन्मात चढणार नाही अशी शपथ घेतली. शेवटी टॉकीजच्या डोअरकीपरनं शेटच्या नकळत तह घडवून आणला. तो मधूनच धावत यायचा.

"आवं मामा, म्हातारी मरायला टेकलीया. वाईच थांबा."

"किती येळ लागंल तिला?"

"धा मिंटं. गानं हाय तिला."

मामा घड्याळ लावून दहा मिनिटं सुई खाली ठेवत. अकराव्या मिनिटाला म्हातारी मेली असो वा नसो, साहेब कामावर.

आता माझ्या पापाबद्दल. खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये यंत्रांची पूजा असे आणि ती मामांच्या घरातल्या दिवाळीपेक्षा मोठी असे. यंत्रं धुऊन पुसून हुद्द्यानुसार हार. ग्राइंडरला एकच झेंडू. त्या वर्षी नारळ फोडायचा मान मामांनी मला दिला. वर्कशॉप गिऱ्हाइकांनी, शेजाऱ्यांनी भरलेलं. मामा साहेबांपुढे हात जोडून, डोळे मिटून उभे. त्यांनी बजावलं होतं, "खाली दगडावर फोडा." मी दगडावर एक हाणला, नारळ घरंगळत गेला. दुसरा हाणला, शेंडी हातात आली. मागे कुणीतरी बाई खुदकन हसली. प्राध्यापकाची अब्रू जायची वेळ आली, तेव्हा मी इकडं तिकडं न बघता समोर जो लोखंडी कोपरा दिसला त्याच्यावर सगळा जीव एकवटून नारळ घातला. फाट्कन फुटला. टाळ्या पडल्या. तो कोपरा साहेबांच्या खांद्याचा होता आणि नारळातलं सगळं पाणी त्यांच्या बरगड्यांच्या जाळीतून आत गेलं होतं. हे फक्त मी पाहिलं. मामांनी डोळे उघडले तेव्हा मी भकलं हातात घेऊन अत्यंत भाविक चेहऱ्यानं उभा होतो. मला वाटलं, पाणीच ते, वाळून जाईल.

ते वाळलं नाही. महिनाभर आत मुरलं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली, आणि एका मंगळवारी सकाळी संपत आला.

संपत मामांच्या चुलतबहिणीचा मुलगा. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता आणि सरकारनं त्याला ॲल्युमिनियमचा पाय दिला होता. त्या दिवशी तो दोन कुबड्यांवर आला आणि पाय पंच्यात गुंडाळून काखेत. कोरेगावपासून सांगलीपर्यंत एस.टी.त कंडक्टरशी भांडत आला होता, कारण कंडक्टरनं गाठोड्यात काय आहे विचारल्यावर यानं "माझा पाय" सांगितलं आणि कंडक्टरला ती चेष्टा वाटली. पायाला घोट्याच्या वर चांगली वीतभर चीर गेली होती.

"कशानं रं?" मामांनी विचारलं.

"फटफटीला किक मारली."

"ह्या पायानं?"

"दुसरा दुखतुया म्हनून."

फटफटीनं किक उलटी मारली होती. हाडाचा असता तर हाड मोडलं असतं, म्हणून एकप्रकारे बरंच झालं, असं संपतचं म्हणणं. पण गुरुवारी गोरज मुहूर्तावर वाईला त्याचं लग्न होतं. मुलीला पाय दाखवून, तिची राजीखुशी विचारून सोयरीक झाली होती. ती काही म्हणत नव्हती, तिचा चुलता म्हणत होता. कुबड्या घेऊन बोहल्यावर चढणारा नवरदेव आमच्या दारात नको, पोरगी जन्मभर त्याची काठी होऊन राहील, असं तो गावभर सांगत सुटला होता. संपतनं भरबैठकीत शब्द दिला होता की, काठीसुद्धा न घेता येईन आणि सात पावलं सरळ चालेन. पुण्याला लष्कराच्या कृत्रिम पायांच्या केंद्रात पाय पाठवावा तर अर्ज, शिक्का आणि तारीख यांत महिना जाणार. गावातल्या लोहारानं पट्टी ठोकून रिबिटा मारू म्हणून सांगितलं होतं. "सप्तपदीत वाजंल त्यो," संपत म्हणाला आणि इतका वेळ हसत असलेला तो एकदम खाली बघू लागला. "मामा, तिच्यासमोर पडायचं न्हाई मला. येकदा तिच्या म्होरं नीट चालू द्या, मग मोडला तरी चालंल."

मामांनी पाय घासूनपुसून आरशासारखा केला, लाकडी ठोकळ्यावर बसवला, साहेबांना सलाम ठोकला, बटण दाबलं, सुई चिरेवर धरली. काहीच झालं नाही. एरवी टोकावर नाचणारी निळी ठिणगी एकदा लुकलुकली आणि आतून जळक्या वार्निशचा वास आला. गल्लीत कुणाचा तरी रेडिओ बाजारभाव सांगत होता. शब्दन् शब्द ऐकू आला.

मी तिथेच होतो. म्हटलं, "सुई जरा टेकवून चालू करून बघा ना."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या खानदानाबद्दल काही बोललो असतो तरी ते इतके दुखावले नसते. "ॲलुमिनला टेकवली की सुई चिकाटती आन् पाय नासतो. आन् ह्याला ठिणगी नुस्ती सुरवातीला न्हाई लागत. शेवटपतूर संगं लागती. स्काऊट मागं फिरला की पलटन तितंच बसती."

मग त्यांनी हात धुतले, फौजेतली टोपी घातली आणि चौकशी कोर्ट बसवलं. मामा अध्यक्ष, मामी आणि मी साक्षीदार, संपत कुबड्यांवर पहारेकरी. साहेबांचं पोट उघडण्यात आलं. लांब काठीला बांधलेल्या स्क्रूड्रायव्हरनं मामांनी आधी आतल्या कपॅसिटरला शिवून साठलेली वीज उतरवली. "मेल्यालाबी एक झटका मारायची सवय आसती," ते म्हणाले. मग तो छोटा ट्रान्सफॉर्मर बाहेर काढला. एका बाजूची गुंडाळी काळीठिक्कर पडली होती, तारांवर पांढरा क्षार चढला होता, आणि खाली, मशीनच्या तळाशी, करवंटीचा नखाएवढा तुकडा पडला होता.

मामांनी तो उचलला आणि उजेडात धरला. त्या क्षणी मी खरं बोलायला हवं होतं. मी मुलांना सत्याचा महिमा तासन्‌तास समजावून सांगणारा माणूस. मला एक साधं वाक्य जमलं नाही. मामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, तुकडा खिशात टाकला आणि खणखणीत आवाजात निकाल दिला, "वयोमानानं शहीद. कुनाचा कसूर न्हाई." मामी पदरानं तोंड पुसत आत चहा करायला गेल्या.

निकाल लागला, पण पाय तसाच होता. मिरजेच्या वाइंडिंगवाल्याकडे निरोप धाडला, तो म्हणाला, एवढ्या बारीक तारेला पंधरा दिवस. नवा मागवायचा तर विलायतेतून. संपत बाकावर बसून आपल्या पायाच्या भेगेवरून बोट फिरवत होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं आणि हलवतही नव्हतं. तेवढ्यात दारात टॉकीजचा डोअरकीपर धापा टाकत उगवला.

"आवं मामा, म्हातारी…"

"मरू दे तिला आज निवांत," मामा म्हणाले. "सायेब बंद हायेत."

डोअरकीपर चक्रावून दारातच उभा राहिला. मामा त्याच्याकडे बघत होते. मग त्याच्या डोक्यावरून पलीकडे बघू लागले. टॉकीजच्या कपाळावर निऑनच्या नळ्यांचा एक मोर होता. नाव रोज संध्याकाळी लाल पेटायचं, मोर मात्र कधीच पेटत नसे. मागे तिकिटांच्या दंगलीत कुणीतरी दगड मारून त्याच्या नळ्या फोडल्या होत्या. मामा ताडकन उठले. "जावईबापू! त्या मोराच्या बुडाला हजारो व्होल्टाचा ट्रान्सफारमर आसंल. आपल्या स्काऊटाचा सख्खा चुलतभाऊ!"

भाऊ सापडला, पण तो शत्रूच्या गोटात. आणि मामांनी पायरी न चढायची शपथ घेतलेली. ती रात्र त्यांनी कशी काढली ते मामी जाणोत. बुधवारी सकाळी दहा वाजता ते इस्त्रीचे कपडे घालून, पदकं लावून माझ्या दारात उभे. "चला. तुमी शिकल्यालं, तुमी बोला. मी नुस्ता हुबा ऱ्हातो."

शेटनी सगळं ऐकून घेतलं. मी पायाचं सांगितलं, लग्नाचं सांगितलं, चुलत्याचंही सांगितलं. शेट गादीवर रेलून मामांच्या पदकांकडे बघत होते. मग म्हणाले, "मोराचा ट्रान्सफॉर्मर न्या. पैसे नकोत. पण एक अट. आज बाराच्या खेळाला हवालदारांनी बाल्कनीत माझ्या शेजारी बसायचं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. तुम्ही माझ्या किती आया मारल्यात ते एकदा डोळ्यांनी बघा."

"माज्याकडं येळ न्हाई," मामा म्हणाले.

"मग माझ्याकडे मोर नाही."

मामांनी संपतचं नाव तोंडात घोळवलं, मिशीवरून हात फिरवला आणि आयुष्यात पहिल्यांदा टॉकीजची पायरी चढले. मीही बरोबर. तीन तास ते पाठ ताठ ठेवून, हात गुडघ्यांवर ठेवून, परेडला बसल्यासारखे बसले. पहिल्या तासात त्यांनी नायकाच्या मोटारीचा सायलेन्सर गळतोय एवढंच सांगितलं. मध्यंतरात शेटनी दिलेली भजी नाकारली. आणि मग ती म्हातारी खोकू लागली. साहेब बंद, त्यामुळे टॉकीजमध्ये चकार आवाज नाही. म्हातारीनं मुलासाठी बाजूला ठेवलेली भाकरी फडक्यातून काढली, गाणं म्हटलं आणि अगदी व्यवस्थित मेली. मी चोरून बघितलं. मामांच्या मिशीतून पाणी ओघळत होतं.

बाहेर आल्यावर शेट काही बोलण्याआधीच मामा म्हणाले, "वेल्डिंगनं डोळं आल्यात." साहेब दोन दिवस बंद होते, हे शेटना ठाऊक होतं. ते शहाणे गृहस्थ. त्यांनी फक्त मान हलवली आणि डोअरकीपरला शिडी लावायला सांगितलं.

मोराचा ट्रान्सफॉर्मर आला तो साहेबांच्या पोटात मावेना. डांबर भरलेलं भलं थोरलं खोकं ते. मामांनी आधी त्याची मेडिकल घेतली. तपासणी म्हणजे दोन टोकांत ठिणगी उडवून बघायची. ठिणगी अशी फाडफाड उडाली की संपत कुबडीसकट मागे सरकला. "जुन्यापक्षा पैलवान हाय. निम्माच घिऊ," म्हणत मामांनी त्याचं एकच टोक वापरलं. ठिणगी उडायची फट नीट राखावी लागते. त्यासाठीचं मोजमाप सापडेना, तेव्हा मामांनी मामींच्या माहेरचं पोस्टकार्ड त्या फटीत घालून तेवढं अंतर बांधलं. ट्रान्सफॉर्मर चहाच्या लाकडी खोक्यात बसवून साहेबांच्या डोक्यावर ठेवला. मी सगळा वेळ बॅटरी धरून उभा होतो. मामांनी टाचा जुळवल्या, सलाम केला, बटण दाबलं, सुई वर धरली.

चर्रर्र!

आमच्याच गल्लीत नव्हे, पुढच्या तीन गल्ल्यांत एकदम ओरडा झाला. नव्या रंगरूटावर लोखंडी झाकण नव्हतं, त्याचा आवाज पार मारुती रोडपर्यंत गेला. सुईच्या टोकाला निळा प्रकाश नाचत होता आणि त्याच्याखाली पायाची भेग पाण्यासारखी मिटत चालली होती. मामांचा हात जरासुद्धा हलला नाही. काम संपल्यावर त्यांनी सांध्यावर बोट फिरवलं, मग माझं बोट धरून फिरवलं. मला काही लागलं नाही. संपतनं पाय चढवला, कुबड्या भिंतीला लावल्या आणि वर्कशॉपमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. परत येताना त्याला दिसेना झालं होतं, म्हणून तो ग्राइंडरला धडकला.

वाईला आम्ही वेळेत पोचलो. बोहल्याशेजारी नवरीचा चुलता उकिडवा बसला होता, नजर नवरदेवाच्या पायांवर. दोन्ही पायांत पांढरे मोजे. बाकीचे वऱ्हाडी अक्षता टाकत होते, मामा कान जमिनीकडे करून पाय वाजतोय का ते ऐकत होते. संपत सात पावलं चालला. सरळ, काठीशिवाय. नवरी त्याच्या पावलांकडे बघत नव्हती. तोंडाकडे बघत होती. जेवायला बसल्यावर चुलत्यानं मला हळूच विचारलं, "मास्तर, पत्र्याचा तो डावाच पाय ना? मी मघाधरनं त्याच्यावरच नजर ठेवून हाय." मी हो म्हणून सांगितलं. मामांनी मूठभर अक्षता रुमालात बांधून आणल्या आणि शुक्रवारी सकाळी त्या साहेबांच्या डोक्यावरच्या खोक्यावर टाकल्या. भर लढाईत भरती झाल्याबद्दल मोराला थेट नाईक केलं.

त्यानंतर डोअरकीपरला धावत यावं लागलं नाही. दर शुक्रवारी चित्र बदललं की मामा पहिल्या खेळाला जाऊन बसत, घड्याळात वेळ बघून ठेवत, आणि आठवडाभर दुपारी बरोबर त्या मिनिटाला सुई खाली ठेवत. सांगलीत त्यानंतर प्रत्येक आई शांतपणे मेली. माझ्याशी ते करवंटीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. फक्त पुढच्या खंडेनवमीला नारळ माझ्या हातात देत म्हणाले, "जावईबापू, भाईर उंबऱ्यावर फोडा." त्यानंतरही दर वर्षी मान माझाच आणि वाक्यही तेच. मला कळत होतं की त्यांना कळलेलं आहे. चूक कबूल करायला मी दर वर्षी तोंड उघडायचो आणि दर वर्षी नारळ घेऊन बाहेर जायचो.

सत्तरचं दशक संपता संपता एका दुपारी मामा एक वाजता बाकावर आडवे झाले. दोनला उठले नाहीत. घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली तेव्हा मामींनी हंबरडा फोडला; मामा पाच मिनिटं उशीर करतील यापेक्षा वेगळा पुरावा त्यांना नको होता. संपत कोरेगावहून आला. त्यानं खांदा दिला तो कृष्णेच्या काठापर्यंत बदलू दिला नाही. मी जवळ जाऊन म्हणालो, "संपतराव, मी घेतो आता." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. ह्यो पाय त्यांचाच हाय."

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मामींनी मला बोलावलं. यंत्रं कुणी चालवत नव्हतं, पण मामींनी सगळी पुसली होती. हुद्द्यानुसार हार घातले होते. ग्राइंडरलाही एक पुरता हार होता. मामींनी नारळ माझ्या हातात दिला आणि साहेबांकडे बघत म्हणाल्या, "आता हितंच फोडा की, आवं. पानी गेलं आत तर जाऊ द्या. कोन बोलनार हाय?"

मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याच दिशी सांगितलं त्यांनी. म्हनले, जावयाला काय बोलू नगंस. मास्तर मानूस हाय, जिवाला लावून घिईल."

मग इतक्या वर्षांनी, ऐकायला ज्यांनी असायला हवं होतं ते नसताना, मी त्या करड्या धुडासमोर उभा राहून मोठ्यानं म्हणालो की, चूक माझी होती. साहेब काही बोलले नाहीत. मी बाहेर गेलो आणि नारळ उंबऱ्यावर फोडला. पहिल्याच दणक्याला फुटला. शेजारच्या घरात रेडिओवर कुठलंसं गाणं लागलं होतं. दोन्ही भकलं हातात धरून मी ते संपेपर्यंत दारात उभा राहिलो. पहिल्यापासून शेवटपर्यंत अगदी स्वच्छ ऐकू आलं.